तुमच्या आधी निघते

"आई, पाहिलंस ना?"

तेवीस वर्षांपूर्वी, नदीकाठच्या मैदानावर मी ऐकलेला हा पहिला आवाज. ताइची नावाच्या मुलाने बॅट टाकून धावता धावताच मागे वळून विचारले होते. "पाहिलं रे, पाहिलं! पुढे बघून पळ, आपटशील!" त्याची आई ओरडली. सगळे हसले, आणि त्या हसण्यातच माझ्या नळातून पहिला पेला भरला गेला.

मित्रांनो, मी आहे निळ्या रंगाचा, दहा लिटरचा, नळाचा एक जुना थर्मास. आमचा बेसबॉलचा संघ मुलामुलींचा, नाव कावासेमी, म्हणजे खंड्या पक्षी. ते नाव माझ्या पोटावर ताइचीच्या वडिलांनी रंगवले होते. आता त्यातली दोनच अक्षरे उरली आहेत.

माझे असे घर नाही. संघातल्या आया मला पाळीपाळीने सांभाळतात. एका हातून दुसऱ्या हाती, एका दारातून दुसऱ्या दारी. जिची पाळी, ती रविवारी भल्या पहाटे उठून भाजलेल्या जवाचा चहा उकळते, निववते, त्यात बर्फ घालते, मला सायकलला बांधून मैदानावर आणते आणि दिवसभर थांबते. जिची पाळी नसते, तीही थांबते! कारण आमच्याकडे लवकर निघायचे तर उरलेल्यांपुढे वाकून म्हणावे लागते, "तुमच्या आधी निघते, माफ करा." कचेरीत, दुकानात हे शब्द रोज कानावर पडतात. या मैदानावर मात्र कुठल्याच आईच्या तोंडून मी ते कधी ऐकले नव्हते.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. उन्हाळ्यात मुले माझ्यापुढे रांग लावत, तापलेले गाल माझ्या नळाखाली धरत. पुढे प्रत्येकाच्या पिशवीला स्वतःची बाटली लटकू लागली. आता खेळ शिकवणारे सर तेवढे एक पेला घेतात, तोही मान राखायला. उरलेला चहा संध्याकाळी मोरीत जातो. पाळीची यादी मात्र चालूच आहे, कारण ती बंद करा असे पहिल्यांदा म्हणायचे कोणी?

भरायचे, थांबायचे, रिते व्हायचे. खरे सांगू, मी थकलो आहे. नळ गळतो, झाकण सैल झाले आहे. पण मैदानाच्या कडेला आया बसतात, त्या बाकावर थकलेला मी एकटाच नव्हतो.

चिसातोच्या आई जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात कामाला होत्या. शनिवारची रात्रपाळी संपवून त्या थेट मैदानावर येत आणि माझ्या शेजारी बसत. त्यांच्या केसांना वाफाळत्या भाताचा वास असे. दहा वर्षांची चिसातो शाळेच्या भिंतीवर चेंडू मारून झेलायची, तेव्हा एक चेंडू सुटत नसे म्हणतात. रविवारी मात्र तिच्या पायांमधून चेंडू निघून जात.

एका रविवारी सर तिला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सामना आहे. आजही असंच चाललं तर तुला बाहेर बसवावं लागेल हं."

तिचा चेहरा एवढासा झाला. बाकावरून संघातल्याच गाकुच्या आई कुजबुजल्या. चार वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला नव्हता. सगळ्या आया त्यांच्या धाकात असत. "चिसातोच्या आई, नुसतं बसून काय होतंय? जरा ओरडा. आई बघतेय म्हटलं की मुलांना जोर येतो."

चिसातोच्या आई दचकून ताठ झाल्या. "चिसातो! मी इथेच आहे हं!"

चेंडू पुन्हा पायांमधून गेला.

मलाही वाटे, मुलांना हेच हवे असते. ताइचीचा तो आवाज मी आत जपून ठेवला होता ना!

जेवणाच्या सुट्टीत चिसातो माझ्याकडे आली. तिने नळ उघडून पेला भरला आणि आईपुढे धरला.

"अगं, तू घे आधी."

"आई, मी चेंडू बघतच नाही."

"म्हणजे?"

"तुला बघते. तू डुलक्या घेतेस. मान अशी पुढे जाते. वाटतं, आता बाकावरून पडतेस. मग चेंडू कधी येतो तेच कळत नाही."

"मग सांगायचं नाही का गं?"

"तुला आवडतं ना बघायला, म्हणून..."

आई पेल्यात बघत राहिल्या. मग त्यांना हसूच फुटले, ओलसर हसू. "मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, बाळा. वाटलं, तुला मी लागते."

"लागतेसच. पण जागी. संध्याकाळी मी सगळं सांगत असते, तेव्हा तू झोपून जातेस."

मित्रांनो, आईबाबांनी मैदानावर थांबावे की नाही, हे मी थर्मासाने काय सांगावे? ताइचीला आई तिथे हवी होती, चिसातोला घरी. एवढीच विनंती करतो, की एकमेकांना विचारा. पोटात धरून ठेवणे हे माझे काम आहे, तुमचे नाही.

चिसातोच्या आई उठल्या. बाकावरच्या सगळ्यांपुढे खोल वाकल्या.

"तुमच्या आधी निघते... माफ करा."

त्या मैदानामागच्या नदीच्या बांधाच्या पायऱ्या चढू लागल्या. खाली खेळ सुरू झाला. चिसातोने एकदा बाकाकडे पाहिले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मग चेंडू उसळत आला, आणि थप्प! तिच्या हातमोज्यात बसला.

"चिसातोच्या आई, थांबा!" गाकुच्या आईंचा आवाज मैदानभर घुमला. आता काय ऐकावे लागते म्हणून त्या बिचाऱ्या पायरीवरच गोठल्या. बाकीच्या आयांनी माना खाली घातल्या.

गाकुच्या आईंनी पिशवी खांद्याला लावली.

"मीही येते. कोणीतरी आधी उठेल म्हणून चार वर्षं वाट बघतेय हो मी."