एका खाटेपुरती जागा

गादीवाल्याने लाल रेक्झिन फळीवर ताणून धरलं, कोपऱ्याला घडी घातली आणि पहिली पिन मारली. पिन वाकडी गेली. उभा जन्म सोफे आणि गाद्या भरण्यात गेलेल्या माणसाची पिन वाकडी जावी, म्हणजे काय! तो स्वतःवरच चरफडला, पक्कडीने पिन उपटली आणि पुन्हा मारली. चर्चच्या बाकांखालच्या, गुडघे टेकायच्या फळ्या होत्या त्या. वर्षानुवर्षांच्या गुडघ्यांखाली त्यांचा फोम पुठ्ठ्यासारखा झाला होता, आणि फादरांनी रविवारच्या आत सगळ्या नव्याने भरून मागितल्या होत्या. रविवारी संध्याकाळी चर्चचा सगळा धर्मग्राम तासभर गुडघ्यांवर राहणार होता. कशासाठी, तर त्या लांबच्या देशातलं युद्ध थांबावं म्हणून, आणि तिथे अडकलेल्या आपल्या सिस्टरसाठी. ही सिस्टर म्हणजे गादीवाल्याची सख्खी धाकटी बहीण.

समोर, अर्धवट उसवलेल्या सोफ्यावर, साप्ताहिकाच्या बाई बसल्या होत्या. धर्मप्रांताचं साप्ताहिक त्या जवळजवळ एकट्याच चालवत. बसताना एक स्प्रिंग टोचली होती, पण बाई कामात असल्या की त्यांना काही टोचत नसे.

"मग, तिथेच राहायचं तिने ठरवलं हे कळलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"कामाला वाघ आहे हो ती. लहानपणापासून."

"ते झालंच. पण भाऊ म्हणून? बाकी सगळे पळाले आणि या तीन सिस्टर आश्रमातल्या त्या म्हाताऱ्या बायकांना सोडून हलल्या नाहीत. अंगावर काटा येतो नुसता ऐकून!"

गादीवाल्याच्याही अंगावर काटा आला, पण तो वेगळ्या कारणाने. त्याने हातातली फळी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बाई वाट बघत होत्या. त्यांना वाट बघायचीही चांगली सवय होती.

युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बारकीचा फोन आला होता. सगळ्या जगाला ती सिस्टर असली, तरी घरात बारकीच. म्हाताऱ्यांना उचलून उचलून पाठीचा पार बोऱ्या वाजलाय, म्हणाली. कॉन्व्हेंटच्या मदर म्हणतात वर्षभर विश्रांती घे, घरचे ठेवून घेत असतील तर घरीच जा. आणि मग जरा थांबून, "एका खाटेपुरती जागा होईल का रे, दादा? ती मागची खोली आहे ना?"

मागची खोली होती. ती छतापर्यंत फोमने भरलेली होती, हेही खरं होतं. "अगं, मीच शर्ट काढायला फोमच्या डोंगरावर चढतो," असं म्हणून तो हसला होता. "पुढच्या वर्षी बघू की. आणि कॉन्व्हेंट सोडून घरी आलीस तर लोक काय म्हणतील, माहितीय ना तुला? शंभर तोंडं."

तीही हसली होती. "असू दे रे. मी आपलं सहज विचारलं."

बस. एवढंच. फोन ठेवला आणि तो हातातलं काम पुढे करायला लागला. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. बायको म्हणाली असती, कसला फोम नि काय घेऊन बसलात, तिला ताबडतोब बोलवा. आणि खरं सांगायचं तर फोमचं काही एवढं नव्हतं. फोम काय, दुकानाच्या पायरीवरही राहतो. पण सिस्टरचा भाऊ म्हणून त्याला चर्चमध्ये एक मान होता. फादर त्याला नावानिशी हाक मारून पुढच्या बाकावर बसवत. परत आलेल्या सिस्टरचा भाऊ म्हटल्यावर लोकांनी कानात कुजबुज केली असती. तेवढी त्याला नको होती. तिकडे पानं गळायला लागली तेव्हा पहिला बाँब पडला, आणि तेव्हापासून त्याला मान इतका मिळायला लागला की पेलवेना.

"ती यायला तयार होती," गादीवाला एकदम म्हणाला.

बाईंनी मान वर केली. "काय?"

"युद्धाच्या आधी. घरी यायचं म्हणत होती ती. मीच नको म्हणालो."

त्याने पक्कड खाली ठेवली. आता बाई विचारणार, का? आणि तो सांगणार. एकदाचं ओकून टाकणार सगळं. पण बाई कुठल्या विचारताहेत! त्यांनी चष्मा काढला, पदराने डोळे टिपले.

"तुम्ही तिला सांगितलंत, की तुझी जागा तिथेच आहे."

"तसं नाही हो, बाई. घरात..."

"राहू द्या. नका बोलू. कळतं मला. सख्खी बहीण देवाला देऊन टाकायची, वर तिचा पाय मागे ओढायचा नाही. आणि तुम्ही युद्धाचे हे चार महिने एक अक्षर बोलला नाहीत कुणापाशी!"

"बाई, ऐका तरी. जागा नव्हती म्हणून..."

"पुरे हो. अशी माणसं स्वतःला कमीच लेखतात," असं म्हणत बाई उठल्यासुद्धा. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला चांगलाच जड वाटला.

रविवारी सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर साप्ताहिक हातोहात गेलं. पहिल्याच पानावर बारकीचा जुना फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत, 'ती यायला तयार होती, मीच नको म्हणालो: एका भावाचं दान'. लोक येऊन गादीवाल्याचा हात हातात घेत होते. ऑर्गन वाजवणारे मास्तर, जे एरवी त्याच्याशी फक्त खुर्चीच्या उशीबद्दल बोलत, ते म्हणाले, "तुमच्यासारखे भाऊ घरोघरी असते तर!" गादीवाला मान हलवत राहिला. कुणालातरी धरून सांगावंसं वाटे, की अहो, थांबा. पण तोंड उघडलं की लोकांचे डोळे आणखीच भरून येत. शेवटी तो मागच्या दाराने सटकला.

घरी बायको जेवणाच्या टेबलापाशी उभी राहूनच वाचत होती. वाचून झालं तरी ती पानाकडे बघत होती.

"कधी विचारलं होतं तिने?"

"उन्हाळ्यात. सहजच विचारलं होतं."

"कशी म्हणाली? तिच्या तोंडचं सांगा."

"एका खाटेपुरती जागा होईल का, म्हणाली."

बायकोने पेपरची घडी घातली. भांडणात कुणाला हार जायची नाही ती. आज मात्र भांडेना. दार लोटून तिने मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. फोमच्या शीट छताला टेकल्या होत्या, रेक्झिनच्या गुंडाळ्या भिंतीला रेलून उभ्या होत्या, आणि मधे एक मांजर जाईल एवढी वाट होती.

"गादीवाल्याच्या घरात," ती हळूच म्हणाली, "एका माणसाला झोपायला जागा नाही निघाली."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

जेवण तसंच राहिलं. गादीवाल्याने बाह्या वर केल्या आणि पहिली शीट बाहेर ओढली. फोमला वजन नसतं, पण आकार केवढा. दारात अडकतो, वाकतो, उलटा तोंडावर येतो. त्याच्याशी झटापट करत त्याने दुपारभर खोली उपसली. सगळा ढीग दुकानाच्या पायरीवर गेला. शेजारचा शिंपी बघायला आला.

"निर्वासितांना पाठवताय वाटतं? वा! आता तुमच्याकडून लोकांनी काय काय शिकावं!"

"आत जा हो तुम्ही," गादीवाला खेकसला. शिंपी हसतच आत गेला. मोठ्या मनाच्या माणसाला चिडायचाही हक्क असतो, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

खोलीची फरशी कितीतरी वर्षांनी दिसली. मध्येच बायको काही न बोलता येऊन ती पुसून गेली. त्याने माळ्यावरची लोखंडी खाट काढून मांडली. मग कपाटामागे ठेवलेला चांगला कापूस काढला, हाताने पिंजून मोकळा केला, खोळीत भरला आणि दाभण घेऊन टाके घालायला बसला. पाठीला आधार मिळावा म्हणून कमरेच्या जागी कापूस दाबून जास्त भरला. टाके एकसारखे आले. दुखऱ्या पाठीच्या किती गिऱ्हाइकांना त्याने अशी गादी भरून दिली होती. गादी खाटेवर टाकली, तिच्यावर हात फिरवला, आणि मग त्याला तिथे बसवेना. तो भिंतीला टेकून उभाच राहिला.

संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. नव्या फळ्यांवर सगळे गुडघे टेकून होते. मऊ लागल्यामुळे म्हाताऱ्या बायका खुशीत एकमेकींकडे बघत होत्या. बायको पुढच्याच बाकावर होती. गादीवाला मागे खांबाजवळ उभा होता. जपमाळ झाली, शांतीची प्रार्थना झाली. मग फादर वेदीजवळच्या माईकपाशी आले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"एक बातमी आहे. मदरनी बरीच खटपट केलीय. कित्येक आठवड्यांनी लाइन लागलीय. आपली सिस्टर फोनवर आहे."

चर्चभर एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. फादरांनी फोन माईकजवळ धरला. आधी खरखर आली, मग तिच्यातून आवाज. थकलेला, जरा घोगरा, पण बारकीचाच.

"सगळ्यांना नमस्कार. आम्ही बऱ्या आहोत. तळघरात राहतो. आमच्या आज्या भारी खोडकर आहेत, वर धडधडायला लागलं की म्हणतात, आली पाहुण्यांची वरात!" लोक हसले आणि डोळे पुसायला लागले.

"सिस्टर, तुमचे भाऊ इथेच आहेत," फादर म्हणाले. "तुम्हाला यायचं होतं आणि त्यांनी नको म्हटलं, हे आज आम्हा सगळ्यांना कळलं. त्यांच्या या दानासाठी आम्ही देवाचे आभार मानले."

पलीकडून खरखर तेवढी येत राहिली.

फादरांनी हात हलवून बोलावलं. गादीवाला मधल्या वाटेने चालत गेला. दोन्ही बाजूंनी लोक वळून बघत होते. त्याने फोन हातात घेतला. माईक बाजूला करायचं फादरांना सुचलं नाही, आणि त्यालाही नाही.

"बारके."

"दादा."

"मागची खोली रिकामी केलीय." त्याचा आवाज चर्चच्या छतापर्यंत गेला. "खाट घातलीय. कापसाची गादी भरलीय. तू ये."

"आता कशी येणार रे? रस्ते बंद आहेत. आणि या सगळ्या माझ्या भरवशावर." मग तिने विचारलं, "फोम कुठे ठेवलास?"

"बाहेर. पायरीवर."

"भिजेल ना, वेड्या."

"भिजू दे."

पुन्हा खरखर. ती गेली की काय, असं त्याला वाटलं. मग तिचा आवाज आला, आता हळू, लहानपणी अंथरुणातून बोलायची तसा.

"दादा, तेव्हा मी सहज नव्हतं विचारलं."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तेव्हाच माहीत होतं."

"हं," ती म्हणाली. रागावली होती की रडत होती, ते त्या खरखरीत कळायला मार्ग नव्हता. "पाठ फार दुखत होती रे."

एवढं बोलली आणि लाइन गेली.

चर्चमध्ये हुंदके ऐकू येत होते. साप्ताहिकाच्या बाई पदराने डोळे टिपत होत्या. फादरांनी गादीवाल्याच्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "असं घर फार थोड्यांना लाभतं. चला, आपण पुन्हा प्रार्थना करू या." ऑर्गन सुरू झाला. सगळे गुडघ्यांवर गेले.

गादीवाला तिथेच उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. पुढचा बाक गच्च होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. डोळे वेदीवरच ठेवून ती शेजारच्या बाईला काहीतरी म्हणाली, स्वतः फळीवर थोडी सरकली, शेजारची सरकली, आणि दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.