न पडलेल्या बाईची गाडी

"घे गं, लाजू नकोस. सासूबाईंच्या आहेत, पण उंची कमीजास्त करता येते," असं म्हणत तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्याच्या तोंडाशीच बाईच्या काखेत दोन कुबड्या खोचल्या.

बाई दिवसभर हॉस्पिटलात पेशंटचे एक्स-रे काढून आली होती. स्वतःच्या दोन पायांवर. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात डब्याची पिशवी.

"पण काकू, मला झालंय काय?"

"आता आमच्यापासून काय लपवायचं? तुझ्या नवऱ्यानंच सांगितलं. शोरूममधून कोरी गाडी काढलीस आणि पहिल्याच वळणावर आपटलीस. टाकी पार चेपलीय म्हणे."

बाईचं डोकंच फिरलं. दुपारी हॉस्पिटलातही तेच झालं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी खाली उभी असलेली गाडी पाहिली आणि बाईला ओढत आणून तिच्याच एक्स-रेच्या टेबलावर झोपवलं. खांदा धडधाकट निघाला. तरी डॉक्टर म्हणाले, "दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं हं." हे वाक्य आजवर तिनं शेकडो पेशंटना ऐकवलं होतं. ते इतकं चीड आणणारं असतं, हे आज कळलं.

खरी गोष्ट साधी होती. दुकानापाशी ट्रकमधून उतरवताना पट्टा सुटला आणि ती मोठी मोटारसायकल डाव्या कुशीवर पडली. टाकीला पोचा, आरशाला तडा, बाजूला हातभर ओरखडे. इंजिनाला मात्र धक्का नाही. दुकानदारानं किंमत उतरवली आणि बाईनं स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून ती उचलली. आयुष्यभर स्कूटर चालवली, एकदाही पडली नाही, आणि आयुष्यभर मोठ्या गाड्यांकडे वळून वळून पाहिलं. कोरी गाडी परवडली नसती. परवडली असती तरी तिला हात लावायची भीती वाटली असती. ही आधीच मार खाल्लेली. हिच्यासमोर कसला संकोच!

कुबड्या घेऊन ती दणदण जिने चढली.

"अहो! मी कधी पडले?"

अहो टीव्हीसमोर शेंगदाणे खात होते. "अगं, ते आपलं सहज बोललो."

"सहज?"

"खाली फाटकाजवळच्या बाकावरची मंडळी विचारायला लागली, नव्या गाडीला पोचा कसा? आता पोच्यासकट स्वस्तात घेतली असं सांगू? माणसाला काही लाज असते."

"म्हणजे बायको आपटलेली चालते, गाडी स्वस्तातली चालत नाही?"

"आपटणं काय, कुणाच्याही हातून होतं. त्यात इज्जत जात नाही."

"कुणाची?"

अहोंनी शेंगदाण्याचं साल फुंकलं.

"आत्ताच्या आत्ता खाली जा. बायको पडलेली नाही म्हणून सांगा. आणि ह्या कुबड्या देऊन या."

अहो गेले. बाई गॅलरीतून बघत राहिली. अहो हातवारे करत होते, बाकावरचे माना डोलवत होते. मग एकानं अहोंची पाठ थोपटली. मग सगळ्यांनीच थोपटली.

अहो परत आले. कुबड्यांवर.

"सांगितलं?"

"अगदी स्पष्ट. तू पडली नाहीस म्हणालो."

"मग हे काय?"

"ते म्हणाले, मग पडलं कोण? अगं, तोंडातून निघून गेलं... मी."

अहो! ज्यांना स्कूटरवर मागे बसतानाही डोळे मिटून घ्यावे लागतात, ते!

जेवणं होईस्तोवर बातमी नणंदेपर्यंत पोचली. तिचा फोन आला. "वहिनी, दादाला जपा हं. या वयात एवढी मोठी गाडी! पण खरं सांगू? शोभते त्याला."

बाईनं फोन असा ठेवला की टेबलावरचं मीठ सांडलं. आधी न पडताच पाडलं, आणि आता गाडीच काढून घेतली. तीही एक रुपया न देता.

सकाळी ती खाली उतरली तेव्हा बाक भरलेला होता.

"काय वहिनी, आज भाऊंची गाडी? झेपेल ना?"

बाईनं गाडी सुरू केली. कानशिलं तापलेली, दात आवळलेले. फाटकाशी समोरून रिक्षा आली म्हणून ती थांबली आणि उजवा पाय टेकवायला गेली. नेमका तिथे उतार. जमीन वीतभर खाली. पाय हवेत, आणि सगळी गाडी हत्तीसारखी उजव्या कुशीवर बसली.

"अरे, भाऊंची गाडी पाडली!" बाक धावला.

"हात लावायचा नाही कुणी!"

बाक होता तिथे थांबला. कोपर सोललं होतं, ते तिनं पाहिलंही नाही. गाडीकडे पाठ केली, गुडघ्यांत वाकली, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांनी मागे रेटत रेटत गाडी उभी केली.

"आता नीट बघून घ्या. डावीकडचं ट्रकवाल्यांनी केलं. म्हणून मला स्वस्तात मिळाली. माझ्या पैशांनी, माझ्या नावावर. आणि हे उजवीकडचं," ती धापा टाकत म्हणाली, "हे मी केलं. आत्ता. तुमच्यासमोर."

तेवढ्यात वरून अहो आले. तीन मजले धडाधड उतरून, दोन्ही पायांवर. "लागलं का गं? लागलं का?"

बाकानं आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

रविवारी अहोंनीच रंगारी आणला. पैसेही स्वतःचे काढले. बाकावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बायकोची गाडी आहे. ती सांगेल तसं करा."

रंगाऱ्यानं गाडीभोवती चक्कर मारली. "दोन्ही बाजू करून देतो ताई. नव्यासारखी दिसेल."

"डावी करा. उजवीला हात लावू नका."

"का हो? तिकडचं तर ताजं आहे."

संध्याकाळी रंग वाळल्यावर तिनं गाडी ढकलत आणली, दोनदा मागेपुढे केली आणि उजवी बाजू बाकाकडे करून उभी केली.