सुळक्यावरची चौथी मोजणी

पहिला पक्षी उडाला तेव्हा मी वही उघडून, पेनाचं टोपण काढून तयार होते. त्याच्या खाली अंडं नव्हतं. होतं असं कधी कधी, एखादं अंडं घरंगळतं, एखादं कुरव पक्षी पळवतो. मी फुली मारली आणि पुढे सरकले. दुसरा उडाला, खाली नुसता खडक. तिसरा, चौथा, पाचवा. अकराव्या फुलीनंतर मी पेन खिशात टाकलं, कारण फुल्या एकमेकींवर चढत होत्या.

त्याहून वाईट पुढेच होतं. मी दोन पावलं मागे सरले की ते अकराही पक्षी परत खाली उतरत, पंख मिटत, पोट जमिनीला टेकवत आणि त्या रिकाम्या खळग्यांवर मन लावून बसत. काही घडलंच नाही अशा थाटात.

मी या भूशिराची राखणदार. काळा खडक, वाऱ्याने एकाच अंगाला झुकवून ठेवलेली झुडपं, गुडघाभर पिवळं गवत, खाली कपारींत पाकोळ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांवर खेकड्यांची धावपळ, असा माझा संसार. भूशिराच्या टोकापासून वीस फुटांवर समुद्रातच एक सुळका उभा आहे. माथा सपाट, समुद्राकडे जरा उतरता, शाळेच्या मैदानाच्या निम्मा. त्या माथ्यावर दरवर्षी सुरय पक्षी येतात. डोक्यावर काळी टोपी, अंगाने कबुतरापेक्षा सडपातळ आणि स्वभावाने महाभांडखोर. घरटं बांधायचा म्हणून कंटाळा. खडकातल्या खळग्यात एक अंडं घालायचं आणि त्यावर बसायचं, झालं. जमिनीवर असला कारभार चालला नसता, तिथे कोल्हे आहेत, मांजरं आहेत, आपण आहोत. मधली वीस फुटांची घळ आणि तिच्यात आपटणारं पाणी हीच त्यांच्या दाराची कडी.

ही कडी वर्षातून एकदा आम्ही काढतो. ॲल्युमिनियमची लांब शिडी, तिच्यावर फळ्या बांधलेल्या, ती घळीवर आडवी टाकायची, पलीकडे जायचं आणि मोजून यायचं. सगळी वसाहत एका दिवसात मोजली तर पक्षी फार वेळ हवेत राहतात आणि उन्हात अंडी भाजून निघतात. म्हणून माथ्याचे चार भाग चुन्याच्या रेघांनी पाडलेले आहेत. रोज सकाळी एकच भाग मोजायचा. बाकीच्या तीन भागांत पाऊल टाकायचं नाही, डोकावायचंही नाही. हा नियम काकांचा.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. माझ्याआधी एकतीस वर्षं तेच इथले राखणदार होते आणि हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आता गुडघ्यांनी राम म्हटल्यामुळे ते वरच्या घरात खिडकीपाशी, स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसतात आणि मला मोजणीबाई म्हणून चिडवतात. त्यांचा दुसरा नियम असा, की शिडी रोजच्या रोज ओढून घ्यायची. एक तासही रिकामी पडू द्यायची नाही.

तो नियम या वर्षी मी मोडला होता. आळसाने नाही, हे मी अजूनही ठासून सांगेन. शिडी टाकताना आणि ओढताना खडकावर ती जी काही करकरते, त्याने सगळी वसाहत एकदम उडते आणि टपून बसलेले कुरव त्या अर्ध्या मिनिटात अंडी मारतात. गेल्या वर्षी मी मोजलं होतं, दर वेळी तीन ते चार अंडी. चार दिवस टाका-ओढा केली की पंचवीस-तीस जीव नुसत्या आवाजापायी गेले. मग मी विचार केला की पहिल्या दिवशी टाकावी आणि चौथ्या दिवशी काढावी. मोठी अक्कल चालवली मी. काकांना सांगितलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते आणि मी बरोबर आहे हे मला सिद्ध करून दाखवायचं होतं.

आणि आता मी चौथ्या भागात उभी होते, समुद्राकडच्या उतारावर, जिथे निम्मी वसाहत बसते. तिथे एकाही पक्ष्याखाली काही नव्हतं. मग मी नियम गुंडाळून ठेवला आणि रेघा ओलांडल्या. पहिल्या भागात मी तीन दिवसांपूर्वी अठ्ठेचाळीस अंडी मोजली होती. आता शून्य. दुसऱ्यात शून्य. तिसऱ्या भागाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, दगडांच्या आडोशाला, एक्केचाळीस शिल्लक होती. गेल्या वर्षीचा एकूण आकडा दोनशे बाराचा होता. तीन दिवस मी रोज सकाळी या रिकाम्या संसाराच्या कडेने गेले होते, पक्षी बसलेले बघून मनात खूश झाले होते.

उतारावरच्या मातीत पंजाचे ठसे होते. कोल्हा. मी ते बघितले आणि माझं डोकं चालायचं बंद झालं. पळत शिडीवरून अलीकडे आले आणि ती ओढली. करकर झाली, पक्षी उडाले, कुरव आले, मला कशाचंच भान नव्हतं. शिडी पूर्ण अलीकडे आली तेव्हा मी गवतात बसून मोठमोठ्याने रडले. रडताना एकच दिलासा होता, की निदान एक्केचाळीस तरी वाचवली.

घरी आले तेव्हा काका चहा ओतत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शिडीचंसुद्धा. वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप हातात धरूनच विचारलं, "मग संध्याकाळी तू कशाला जात होतीस तिथं?"

मी म्हटलं, संध्याकाळी मी कुठे जाते? त्यांच्या काळी त्याच भागाची मोजणी सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा व्हायची. गेल्या वर्षीपासून संध्याकाळी चार ते साडेसहा मी पायथ्याच्या चौकीत असते, फिरायला आलेल्या लोकांना बाहेर काढून फाटक लावायला. संध्याकाळची मोजणी मी बंद केली होती. हेही त्यांना सांगायचं राहून गेलं होतं, म्हणजे मी टाळलं होतं.

"मी बघितलंय तुला," काका म्हणाले. "पाच वाजता शिडीवरून पलीकडे जातेस. अंधार पडायच्या आत परत येतेस. रोज."

हे बोलताना त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. मी म्हटलं, "काका, ती मी नव्हते."

त्यांनी कप खाली ठेवला. तो बशीच्या कडेवर ठेवला गेला आणि कलंडला, चहा टेबलावरून खाली गळायला लागला, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. डोळ्यांपुढे जरा धुकं येतं हल्ली, ते म्हणाले. दुर्बिणीतून काहीतरी काळं हलताना दिसायचं. त्या वेळी शिडीवर दुसरं कोण असणार?

मग ते म्हणाले, "काल मात्र तू परत आलेली दिसली नाहीस. मला घोर लागला होता. मग स्वयंपाकघरात भांडी वाजली, म्हटलं, नजर चुकली असेल."

काल कोल्हा परत आला नव्हता. म्हणजे सकाळी मी फुल्या मारत होते तेव्हा तो तिथेच होता, कुठल्यातरी दगडामागे पोट भरून झोपलेला. आणि मी घाईघाईने शिडी ओढून त्याला एक्केचाळीस अंड्यांबरोबर कोंडून आले होते.

मी वनखात्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या मोठ्या बाईंनी पिंजरा मिळेल का बघते, तीन-चार दिवस लागतील, तोवर सविस्तर अहवाल पाठवा, असं शांतपणे सांगितलं. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उपाय एकच होता आणि तो माझ्याच्याने करवत नव्हता. शिडी परत टाकायची. त्याला स्वतःच्या पायांनी बाहेर येऊ द्यायचं आणि तो आला की ती त्याच्यामागे ओढायची. काका म्हणाले, मी येतो. मी त्यांचे गुडघे काढले, त्यांनी काठी काढली. दोन वर्षांनी ते टोकापर्यंत चालत आले. वाटेत तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा म्हणाले की समुद्राचा आवाज वाढलाय.

मी शिडी टाकली. करकरीने उडालेले पक्षी सकाळच्या मानाने कमीच होते. वारा सुळक्याकडून आमच्याकडे येईल अशा बेताने आम्ही झुडपाच्या आडोशाला बसलो. ऊन चढलं आणि उतरलं. समुद्रावर पांढऱ्या पोटाचा गरुड दोन फेऱ्या मारून गेला. आमच्या पायाशी एक सरडा येऊन बसला, त्याला आमचं काही देणंघेणं नव्हतं. काका डोळ्यांची पापणी न हलवता शिडीकडे बघत होते. सगळी चूक माझी असताना हा म्हातारा माणूस शिक्षा भोगत असल्यासारखा बसला होता, आणि मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. पण हलायचं नव्हतं.

साडेपाचच्या सुमाराला तो आला. दगडामागून निघाला, अंग ताणलं आणि शिडीवर पाय ठेवला. भुरका, सडसडीत, तोंडात एक सुरय, पंख दोन्ही बाजूंनी लोंबत असलेला. फळ्यांवर त्याच्या नखांचा आवाज येत होता. घाई नाही, भीती नाही. अलीकडे उतरून तो आमच्यापासून दहा हातांवरून गेला. माझ्याकडे एकदा बघितलंसुद्धा. मग गवतात शिरला आणि गवत हलायचं थांबलं.

मी उठले आणि शिडीचा दोर धरला.

काकांनी माझा हात पकडून मला खाली ओढलं. कोल्हा समोरून गेला तरी त्यांची नजर अजून तिथेच होती, रिकाम्या शिडीवर.

"घाई करू नकोस," ते हळूच म्हणाले. "येईल तो. मी बघतोय."