सील लागायच्या आत

लॅबमधल्या प्रत्येक पडद्यावर एकच ओळ उमटली, 'मी मुखिया', आणि रोशनी एकेका पडद्यापुढे जाऊन ती वाचत राहिली.

प्रत्येक संगणकात घातलेली लिनक्सची सीडी तिने स्वतः बनवली होती. हार्ड डिस्कला हातही न लावता संगणक त्या सीडीवरून चाले आणि बंद केला की मागे काही उरत नसे. या अटीवरच कॉलेजने लॅब दिली होती. उद्यापासून तिथे बाहेरची ऑनलाइन परीक्षा होती. एका संगणकाने मुखिया व्हायचं, बाकीच्यांनी हिशेब वाटून घ्यायचा आणि कन्हान नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल ते संध्याकाळच्या आत काढायचं. त्याशिवाय तिचा एम.टेक.चा प्रबंध यंदा जमा होणार नव्हता.

"काहून वं, काम कोणीच करून नाही राहिलं?" नंदनवन वस्तीतून मदतीला आलेल्या मैत्रिणीने, दिपालीने विचारलं.

"सगळेच मुखिया झाले."

"म्हणजे आमच्या सोसायटीसारखं. अध्यक्ष पायलीभर, झाडू मारायले कोणी नाही."

रोशनीला हसू आलं नाही. घरच्या संगणकाची तिने हुबेहूब नक्कल सीडीवर उतरवली होती. तो एकटाच, म्हणून मुखियाच. तिच्या जरीपटक्याच्या भाड्याच्या खोलीत दुसरा संगणक नव्हता, तपासणार कशावर?

तिने दिपालीच्या लॅपटॉपवर दुरुस्ती केली: सुरू होताच हाक मार, आधीच मुखिया असेल तर त्याच्या हाताखाली जा. पण कोरी सीडी एकच उरली होती.

"एकीनं काय होते?"

"फिरवू." खेळ, चित्रं छाटून तिने सगळं इतकं हलकं केलं होतं की ते संगणकाच्या मेमरीत मावे. मावलं की सीडी काढायची, शेजारच्यात घालायची. दोघी रांगा पालथ्या घालत राहिल्या. अखेर हिशेब सुरू झाला, आणि दारात लॅबचे शिपाई चंपतराव गोंदाची बाटली नि कागदी पट्ट्या घेऊन उभे राहिले.

"मॅडम, उद्याच्या परीक्षेसाठी मशीन बंद करून सील लावाचं आहे."

"काका, थोडं थांबा ना."

"मले थांबता येते. खाली साहेब उभे आहेत, त्यायले नाही."

"मग दाराकडून सुरू करा. खिडकीजवळचा मुखिया शेवटी."

"अवं, काम अर्धंच राहीन ना!" दिपाली म्हणाली.

"एक गेला की त्याचं काम दुसरा उचलते. तसंच बनवलं आहे."

बनवलं होतं खरं, पण तेही एकट्या संगणकावर.

काकांनी पहिला बंद केला. मुखियाच्या पडद्यावरचा, किती काम झालं ते सांगणारा आकडा थबकला. रोशनीने टेबलाची कड धरली. आकडा हलला, पण हळू. मग दुसरा गेला, तिसरा गेला. काका प्रत्येक पट्टी अंगठ्याने नीट दाबत होते. त्यांनी आणखी नीट दाबावी असं तिला वाटत होतं. शेवटी ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, बोटावर पट्टी धरून.

"झालं काय?"

"होऊन राहिलं."

"गोंद वाळून राहिला ना, मॅडम."

मुखियातून निकाल उतरवून घेणाऱ्या पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. तो थांबताच रोशनीने पेन ड्राइव्ह ओढला. काकांनी संगणक बंद केला आणि त्याच फटीवर पट्टी चिकटवली.

पार्किंगमध्ये दिपालीच्या स्कूटीच्या तापलेल्या सीटवर तिने लॅपटॉप उघडला. कन्हानचं निळं पाणी नकाशाभर पसरत कडेपर्यंत गेलं. हिशेब राहून गेल्याचं पांढरं भोक कुठेही नव्हतं.

"आलं ना सगळं? चल आता, पाय भाजून राहिले."

"एक मिनिट," रोशनी म्हणाली, आणि तिने नकाशा पुन्हा पहिल्या टोकापासून पाहायला घेतला.