शेपटातली पेटी

दाजींनी निवृत्तीनंतर विमान घेतलं तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "माझा पाय त्यात पडणार नाही."

ताई माझी सख्खी मोठी बहीण. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे मला लहानपणापासून पाठ आहे. दाजीही काही कमी नाहीत. "बरं," म्हणाले आणि पुन्हा विषय काढला नाही. मात्र दोन खुर्च्यांच्या त्या चिमुकल्या विमानातली पुढची खुर्ची त्यांनी नव्या कापडाने मढवून घेतली, तीही नेमकी ताईच्या आवडत्या रंगात. त्या विमानात चालवणारा मागे बसतो. म्हणजे पुढची खुर्ची दुसऱ्या कुणासाठी तरी होती. पण कुणासाठी, ते हा गृहस्थ तोंडाने बोलेल तर शपथ.

ताईचीही तीच गत. पाय पडणार नाही म्हणाली खरी, पण दाजी उडायला निघाले की ही विमान ठेवायच्या हँगरच्या दाराशी खुर्ची टाकून विणत बसायची. दाजी वेळेत उतरले तर वीण सैल, उशीर झाला तर घट्ट. मागच्या थंडीत तिने मला दिलेल्या स्वेटरची डावी बाही कोपराच्या वर चढत नाही. त्या दिवशी म्हणे उलटा वारा होता.

थोडक्यात, दोघांनाही बरोबर वर जायचं होतं आणि आधी बोलायचं दोघांनाही नव्हतं. मी मध्ये पडलो नाही. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसतात, आणि गंमत बघायची राहून जाते ती वेगळीच.

अशात विमान तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने सांगितलं की, विमानात इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर बसवल्याशिवाय उडायची परवानगी नाही. नाव एवढं लांबलचक, वस्तू मात्र डब्याएवढी, भगव्या रंगाची पेटी. विमान कुठे जोरात आदळलं तर ती आपली आपण आकाशात संदेश पाठवू लागते, म्हणजे शोधणाऱ्यांना जागा कळते. मेकॅनिक ती घेऊन आला. विमानाच्या पोटाची झाकणं उघडून त्याने विचारलं, "साहेब, कुठे लावायची?"

"माझ्या हाताशी लाव," दाजी म्हणाले. "लागली तर पटकन सापडली पाहिजे."

दारातली विणकामाची खुर्ची करकरली. ताई आत आली. "ती तुम्ही शोधायची नाहीये, तिने तुम्हाला शोधून द्यायचंय. आणि तुमच्या हाताशी म्हणाल तर कपाळावरचा चष्मासुद्धा तुम्हाला सापडत नाही."

"वहिनींचं बरोबर आहे," मेकॅनिक म्हणाला. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं, पण शिकलेला दिसत होता. "जागा दोनच आहेत. एक तुमच्या पाठीमागची सामानाची फळी. तिथला पत्रा पातळ आहे, खालून पट्टी मारून मजबूत करीन. दुसरी शेपटाच्या टोकाची चौकट. ती मुळातच भक्कम आहे. विमान आपटतं ते बहुतेक नाकावर, त्यामुळे शेपटाकडचा भाग सहसा शाबूत राहतो."

"म्हणजे मी मोडणार आणि पेटी वाचणार," दाजी म्हणाले.

"पेटी वाचली तर तुम्ही मोडलात कुठे ते तरी कळेल," ताई म्हणाली, आणि लगेच टाके मोजू लागली. तिचा आवाज जरा चिरकला होता. दाजींनी तो ऐकला, आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

मेकॅनिकने भिंतीवर खडूने विमानाची आकृती काढली. "फळीवर लावली तर वजनाचा प्रश्न नाही. टोकाची मात्र बागेतल्या सी-सॉसारखी गंमत आहे. टोकाला बसलेलं पोरही जड पडतं. पण साहेबांनी सांगितलेल्या वजनाने हिशेब केला. टोकालाही चालेल."

"कुणी सांगितलेल्या?" ताईने विचारलं.

"साहेबांनी."

"ते लग्नातलं वजन आहे."

कोपऱ्यात सामान तोलायचा काटा होता. दाजी त्यावर चढले. काट्याने आपलं काम केलं. "खिशात किल्ल्या आहेत," दाजी म्हणाले. त्यांनी किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. काटा जागचा हलला नाही.

मेकॅनिकने खडूने पुन्हा आकडे मांडले आणि मान हलवली. "आता नाही जमत. पेटी टोकाला, तुम्ही मागे आणि पुढे कुणी नाही, असं उडालात तर शेपूट जड होईल. ते धोक्याचं. पेटी फळीवर लावतो, मग एकट्याने खुशाल उडा."

"लाव फळीवर," दाजी म्हणाले.

"टोकाला लावा," ताई म्हणाली.

"अगं, मग मला एकट्याला जाता येणार नाही."

"नाही येणार," ताई सुईकडे बघत म्हणाली. यापुढे ती एक अक्षर बोलणार नव्हती. आमच्या घराण्यात एवढं बोलणं म्हणजे लोटांगणच. दाजींनी फक्त ते उचलायचं होतं. ते उचलणार, तेवढ्यात मेकॅनिकचा प्रामाणिकपणा आडवा आला.

"तसं पुढच्या खुर्चीवर वाळूची गोणी घट्ट बांधली तरी भागतं, साहेब."

त्याच्या तोंडात त्याचाच पाना कोंबावा असं मला वाटलं.

"बांधा मग गोणी," ताई म्हणाली आणि दाराकडे वळली.

दाजी पुढच्या खुर्चीकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "गोणी वाटेत बोलत नाही."

ताई थांबली. "म्हणून हवी?"

"म्हणून नको."

मेकॅनिक उगाचच खडू झटकू लागला. ताईने लोकरीचा गुंडा पिशवीत कोंबला, सुया त्यात खोचल्या आणि पिशवी माझ्याकडे दिली. मग मेकॅनिकला म्हणाली, "टोकालाच लावा. आणि त्या हिशेबात माझं वजन धरा." तिने आकडा सांगितला. मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि खरा. तिच्या पाठच्या भावाला तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

दुपारपर्यंत पेटी शेपटाच्या चौकटीवर बसली. तिच्यावरचा बाण विमानाच्या नाकाकडे नसला तर आदळल्याचं तिला कळत नाही; तो तसा आहे ना, हे मेकॅनिकने दोनदा बघितलं, आणि ताईने तिसऱ्यांदा. मग दाजींनी पायरीशी हात पुढे केला. ताईने तो धरला, आणि वर चढताना कुरकुरतच चढली की पायरी उंच आहे, दार अरुंद आहे, आणि एवढं कापड चढवलं तर खाली जरा बरा कापूस भरायला काय झालं होतं.

तिच्या समोरच्या पट्टीवर एक लाल बटण होतं. "हे काय?"

"पेटी हाताने सुरू करायची असली तर," मेकॅनिक म्हणाला. "तार शेपटापर्यंत गेलीय."

"म्हणजे ते माझ्याकडे."

"उगाच दाबू नकोस," मागून दाजी म्हणाले.

"ते तुम्ही वळता कसे त्यावर आहे," ताई म्हणाली, आणि पट्टा ओढून घेतला.