गस्तीच्या गाडीतला दुसरा माणूस

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गोदामांच्या रांगेवर आकाशात एक काळपट, लांबट वस्तू आवाज न करता थांबली आणि थोड्या वेळानं सरळ वर निघून गेली. गस्तीच्या गाडीत दोन पोलीस होते. नात्यानं ते साडू. थोरल्या बहिणीचा नवरा डावीकडे बसला होता, धाकटीचा गाडी चालवत होता.

"अरे, वर बघ!" थोरला ओरडला. धाकट्यानं ब्रेक मारला, वायरलेस उचलला आणि नियंत्रण कक्षाला खबर दिली. वायरलेसवर ज्याचा आवाज, खबर त्याची, असा खात्यातला शिरस्ता. दुपारी ठाण्यात सगळे धाकट्याभोवती जमले. साहेबांनी त्याला फळ्यावर आकृती काढायला लावली. थोरला दारात उभा राहून बघत होता. आकृती चुकली होती. वस्तू खालून सपाट होती, ह्यानं गोल काढली. थोरल्यानं ती तशीच राहू दिली.

घरी बायको म्हणाली, "धाकटीचा फोन होता. बाबांना सांगूनही झालंय. जावई असावा तर असा, म्हणाले."

"गाडीत मीही होतो."

"तेच विचारत होते. थोरले काय झोपले होते का, म्हणून."

सासऱ्यांचं हे नवं नव्हतं. घर आधी धाकट्याचं झालं, बढतीच्या यादीतही तोच वर. धाकट्याचं नाव काढल्याशिवाय म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

चौकशीला हवाई दलाच्या अधिकारी बाई आल्या. रडारवर काही उमटलं नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त ह्या दोघांवर. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. धाकट्यानं घडलं तसं सांगितलं, "आधी दादांना दिसलं. त्यांनीच मला दाखवलं." बाई उठून शेजारच्या खोलीत आल्या.

"तुम्ही काय पाहिलंत?"

"काही नाही. मी बूट बांधत होतो."

"ते म्हणतात, तुम्हीच दाखवलंत."

"त्याला तसं वाटलं असेल. रात्रपाळी होती ना."

बाईंनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

धाकट्याचं पिस्तूल जमा झालं, गाडी गेली. डोकं ठिकाणावर असल्याचा मनोविकारतज्ज्ञाचा दाखला मिळेपर्यंत त्याला टपाल विभागात बसवलं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारी, "काय साहेब, आज वर काय दिसतंय?" दुसरा म्हणे, "पंखा!" हसणाऱ्यांत थोरलाही असे. त्या दिवसांत तो दोन घास जास्तच जेवत होता, असं त्याची बायको सांगते.

धाकट्यानं त्याला एकदाच गाठलं. "दादा, तुम्हीच ओरडलात ना?"

"डोकं शांत ठेव. डॉक्टर सांगतील तसं कर."

त्यानं तसं केलं. दादांनी दाखवलं हा आपला भास असावा, असं डॉक्टरांपुढे कबूल केलं. दाखला मिळाला.

आणि मग गोदामांमागचा क्रेनचालक पुढे आला. नोकरी जाईल म्हणून इतके दिवस गप्प होता. त्याच सकाळी, त्याच जागी त्यानं वस्तू पाहिली होती. खालून सपाट, तो म्हणाला. वर्तमानपत्रांत धाकट्याचा फोटो आला. मुख्यालयातून बोलावणं आलं, गाडी परत मिळाली. सासऱ्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. धाकटीनं वाढता वाढता विचारलं, "भावजी, बूट बांधायला इतका वेळ लागतो?" सासरे ठसका लागेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी थोरला बाईंच्या दारात उभा होता.

"मी पाहिली होती. माझ्या साडूच्या आधी पाहिली. खालून सपाट होती."

"ते आता सगळ्या गावाला माहीत आहे. पेपरात आलंय."

"वर जाण्याआधी ती जराशी कलली. हे कुणी सांगितलंय?"

"नाही. पण हे तुम्ही पाहिलंत की रचलंत, मी कसं ठरवू? खोटा जबाब तुम्ही एकदा दिला आहे. तो तेव्हा दिला की आज देताय, एवढाच प्रश्न आहे."

"साडूला विचारा ना. मीच ओरडलो होतो, त्याला माहीत आहे."

"त्यांनी डॉक्टरांकडे उलट सांगितलंय."

"तरी विचारा."

काल बाईंनी धाकट्याला बोलावून विचारलं. दादांनी दाखवलं म्हणावं, तर डॉक्टरांना दिलेला जबाब खोटा ठरतो आणि दाखला पुन्हा तपासला जातो. भास होता म्हणावं, तर थोरल्याचा नवा जबाब खोटा ठरतो आणि त्याच्यावर खोट्या साक्षीची कारवाई होते. धाकट्यानं उत्तर द्यायला सोमवारपर्यंत मुदत मागितली आहे.