पडद्यापुढे तंकमणी

मी बोलतोय याचं नवल वाटून घेऊ नका. जन्मभर माझ्या अंगावर दुसरेच बोलत आले, म्हणून माझा आवाज कुणाला ठाऊक नाही. मी ज्योती टॉकीजचा पडदा. भारतप्पुळा नदीच्या काठी, वेलायुधनच्या चहाच्या टपरीला लागून आमचं टॉकीज होतं.

कोळिक्कोडच्या बाजारातलं जाड पांढरं कापड, एवढंच माझं कूळ. मालक चाक्कुण्णी मुदलाळींनी ते विकत आणलं, शिंप्याकडून कडेला काळी पट्टी शिवून घेतली आणि नारळाच्या झापांच्या मांडवात मला ताणून बसवलं. माझ्यासमोर वाळू, वाळूमागे बाकं, सगळ्यांत मागे खुर्च्या. वाळूवर बसणाऱ्यांचं तिकीट सर्वांत स्वस्त आणि तोंड सर्वांत मोठं.

खरं सांगू? मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. स्वतःच्या पोटावर चाललेलं दिसणार कसं? मी पाहिली ती माणसं. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला सगळं कळायचं.

सुरुवातीला मद्रासच्या स्टुडिओत बनलेले सिनेमे यायचे. देव, राजे आणि उसन्या चालींची गाणी. लोक हात जोडून बसत आणि मधूनमधून जांभया देत. मग शेजारपाजारची माणसं सिनेमात आली. होडीवाला, शाळामास्तर, जातीबाहेर जीव लावलेली पोर. तेव्हापासून जांभया थांबल्या आणि बायका डोळे पुसू लागल्या. दारात गाण्यांची पुस्तकं विकत. त्यात अर्धी गोष्ट छापून शेवटी लिहिलेलं असे, उरलेली पडद्यावर पाहा. कुणी ते वाचून दाखवलं की मी उगाच ताठ व्हायचो. पुढे शहाण्या लोकांचे सिनेमे आले. त्यांत नायक एक विडी ओढायला अर्धं रीळ घेई. मग वाळूवाले कूक घालत, म्हणजे लांब सूर काढून हुर्यो उडवत. आमच्याकडे सिनेमा आवडला नाही म्हणून कुणी घरी जात नाही, बसून कूक घालतात. एकाने सुरू केली की बाकीचे कारण विचारत नाहीत.

मला धास्ती एकाच गोष्टीची होती. आमच्या मुलखातला अगदी पहिला सिनेमा तिरुवनंतपुरमला लागला, तेव्हा नायिकेच्या जातीवरून लोकांनी पडद्यावर दगड मारले, असं सांगतात. त्यामुळे गावातलीच एक बाई सिनेमात आहे असं कानावर आलं, तेव्हा मला घाम फुटायचा बाकी राहिला.

ती वेलायुधनची बहीण, तंकमणी. नवरा वारल्यावर भावाकडे राहायची आणि टपरीसाठी तांदळाच्या पिठाचं पुट्टू वाफवायची. एका उन्हाळ्यात नदीच्या वाळवंटात शूटिंग आलं. त्यांना गावातली एक बाई हवी होती. नायिकेला शोधत नायक धापा टाकत येतो आणि ती बाई त्याला सांगते, "ती गेली. नदी पायीच ओलांडून गेली." एवढंच वाक्य. ते तंकमणीने म्हटलं आणि त्या दिवसापासून वेलायुधनने तिच्याशी बोलणं टाकलं. चहा प्यायला येईल त्याला मात्र तो सांगत सुटला, सिनेमा लागू दे, त्यात काही वावगं दिसलं तर हिचं बोचकं दाराबाहेर. तिला जायला दुसरं घर नव्हतं.

सिनेमा लागला. पहिल्या खेळाला अख्खं गाव लोटलं. वेलायुधन टपरी बंद करून वाळूवर पुढे येऊन बसला. तंकमणी बायकांच्या बाकावर, अगदी टोकाला. मला भोक पडलं तर मुदलाळी ठिगळ लावतील, पण हिचं काय, या विचाराने मी हैराण झालो.

ते रीळ आलं. सगळे चेहरे पुढे झुकले. नायक नदीपाशी पोचला, एका पाठमोऱ्या बाईजवळ क्षणभर थांबला आणि लगेच गाणं सुरू झालं. तिचा चेहरा नाही, वाक्य नाही. शहरात कुणीतरी कात्री चालवली होती.

मागून आवाज आला, "वेलायुधा, तुझी बहीण पाठीनं फार छान बोलते हो."

हशा पिकला. तंकमणीने मान खाली घातली.

मला वाटलं, सुटली बिचारी, वावगं तर काही दिसलं नाही. पण वेलायुधन उठला. त्याने कमरेचं मुंडू गुडघ्यावर दुमडून बांधलं आणि छाती फुटेस्तोवर कूक घातली. वाळूवाल्यांनी सवयीने साथ दिली, मग बाकांनी, मग खुर्च्यांनी. मुदलाळी धावत आले आणि त्यांनी यंत्र थांबवायला लावलं.

"आमच्या पोरीचं वाक्य कुठंय?" वेलायुधन म्हणाला. "दिवसभर उन्हात उभी केली तिला. आधी ते दाखवा, मग पुढचं."

रिळांच्या पेटीत आलं तेवढंच आहे, म्हणून मुदलाळींनी चर्चमधल्या साऱ्या संतांच्या शपथा घेतल्या. कुणी ऐकेना. शेवटी ते वैतागले. "मग तिलाच म्हणू दे. माझं काय जातंय?"

बायकांनी तंकमणीला उठवलं. ती येऊन माझ्यापुढे उभी राहिली. यंत्रातून नुसता पांढरा प्रकाश सोडला आणि तिची सावली माझ्यावर पडली. तिने नायक उभा असल्यासारखं समोर पाहिलं आणि ती म्हणाली, "ती गेली. नदी पायीच ओलांडून गेली."

कुणी हसलं नाही. बाकावरची एक म्हातारी तर रडायलाच लागली. मी कापड असून मला गहिवरून आलं.

ती बाकाकडे परतताना वेलायुधन इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "उद्या जरा मोठ्यानं म्हण. मागं ऐकू गेलं नाही."

सिनेमा मुक्कामाला होता तोवर रोज त्या ठिकाणी यंत्र थांबायचं, आणि भाऊ मागे खुर्च्यांपाशी उभा राहून ऐकू येतंय का ते बघायचा.

आता टॉकीजच्या जागी लग्नाचा हॉल झाला आहे. आमचे सिनेमे म्हणे फोनवर चालतात आणि तुम्हीही खालची अक्षरं वाचत ते आवडीने बघता. बरं वाटतं ऐकून. मी मुदलाळींच्या नातवाच्या माळ्यावर घडी होऊन पडलोय. तो गावात नवं थिएटर बांधतोय. बाबा रे, जरूर बांध. नवा पडदा माझ्यापेक्षा दुप्पट मोठा लाव, मला राग नाही. फक्त त्याच्यापुढे एक माणूस उभं राहील एवढी जागा मोकळी सोड. शहरातली कात्री अजून बोथट झालेली नाही.